मुद्दाम बिघडवलेलं बंदर

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या एका हातात चष्म्याची डावी काडी होती, दुसऱ्या हातात उरलेला चष्मा, आणि चेहऱ्यावर भलताच आत्मविश्वास… आपल्याला काहीही दिसत नाहीये हे जगाला कळू नये म्हणून आणतात ना, तसला. त्या भरात तो सरळ आमच्या मोठ्या आरशासमोर जाऊन उभा राहिला आणि अदबीने म्हणाला,

"याचा स्क्रू पडलाय. बसवून मिळेल?"

आरसा गप्प.

"मिळेल की," मी काउंटरमागून म्हटलं. "पण तुम्ही ज्यांना विचारताय ना, त्यांना नाही जमत. मला जमतं."

तो गर्रकन वळला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल! मला हसू आवरेना.

"चष्म्याच्या दुकानात आंधळ्यांना हसतात वाटतं?"

"छे! आंधळ्यांना कोण हसेल? आम्ही फक्त आरशाशी गप्पा मारणाऱ्यांना हसतो."

गेल्या वर्षी हा आला असता तर हा संवाद झालाच नसता. गेल्या वर्षीपर्यंत मी अशी होते की गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की मी मागच्या खोलीत. "आई, कुणीतरी आलंय गं," एवढंच काय ते बोलणं. मग आईची मदतनीस नोकरी सोडून गेली, आई आत मशीनवर काचा घासायला बसली की काउंटरवर मी एकटी उरायला लागले, आणि एके दिवशी एका खडूस आजोबांना मी म्हणाले, "ही फ्रेम नका घेऊ, यात तुम्ही रागावलेले दिसता." ते हसले. दोन फ्रेम घेऊन गेले. त्या दिवसापासून माझ्या तोंडाचं कुलूप जे उघडलं ते उघडलंच… आई म्हणते, किल्लीही हरवली.

तर मी चिमटा, भिंग आणि सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कामाला लागले, आणि तो, बिनचष्म्याचा, चाचपडत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेला. नाक स्क्रीनपासून चार बोटांवर.

"हा खेळ इथे असा नाही चालणार," तो म्हणाला.

मी चमकले. कारण गेला तासभर मी त्याच खेळाशी भांडत होते! 'सातवं बंदर' त्याचं नाव. धुक्यातून जहाजं येतात, आपण बंदर बांधायचं, दिवे लावायचे, जहाजं सुखरूप आत आणायची. मामाने वाढदिवसाला दिला होता. आणि मामानेच आधी, आमच्याकडे फ्रेम विकायला येणाऱ्या माणसाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरून सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर गायब झाले तेव्हा, कॉम्प्युटर पुसून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं होतं, तो पेंग्विनवाला. आईचा हुकूम होता, आता दुकानात हाच राहणार, दुसरं काही आणायचं नाही. मामाने भाचीला खेळ दिला, पण तो पेंग्विनला कळतच नाही हे मामाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि…

"हा विंडोजचा खेळ आहे," तो स्क्रीनला सांगत होता. "तू वाइन टाकली नाहीस का?"

आतलं मशीन घर्रर्र करत थांबलं.

"दुकानात वाइनचं नाव कोण काढतंय?" आईचा आवाज.

"काकू, प्रोग्रामचं नाव आहे!" तो घाबरून दाराच्या पडद्याला म्हणाला. "प्यायची नसते… टाइप करायची असते!"

आई पडदा सारून बाहेर आली आणि स्वतःच्या चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेने भल्याभल्यांचे नंबर वाढतात.

"कितवीत?"

"अकरावी. ब तुकडी."

"आमचीही अकरावीच. अ."

"माहितीये," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे… सकाळी माइकवर बातम्या वाचते ना ही. आवाज ओळखला."

मी भिंगावर आणखी वाकले. स्क्रू इतका बारीक असतो, लक्ष द्यावं लागतं. पण तो तीनदा माझ्या चिमट्यातून निसटला, हे खरं.

चष्मा जोडून झाला. त्याने तो घातला, दोनदा डोळे मिचकावले आणि पहिल्यांदाच मला बघितलं. नीट. म्हणजे काउंटर, फ्रेमांचं कपाट, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता सगळं सोडून… मला.

"सौदा करूया," मी घाईघाईने म्हटलं, कारण ते बघणं जरा जास्तच वेळ चाललं होतं. "स्क्रू मी बसवला. खेळ तू बसव."

"तीन दिवस लागतील."

"आंधळा मागतो एक डोळा," मी म्हटलं. "मी एकच दिवस मागणार होते."

आईने नियम सांगितला: चार ते साडेपाच, आणि गिऱ्हाईक आलं की खुर्ची सोडून उठायचं. मी त्याचं नाव ठेवलं स्क्रू. त्याने माझं ठेवलं मालकीणबाई.

*

तीन दिवसांत मला कळलं ते असं. खेळ बोलतो एक भाषा, पेंग्विनला कळते दुसरी. म्हणून मध्ये एक दुभाष्या उभा करायचा, तीच ती वाइन. आणि खेळ बिचारा परक्या घरात बावरू नये म्हणून त्याच्यासाठी एका फोल्डरमध्ये हुबेहूब त्याच्या घरासारखं खोटं घर बांधायचं. तसेच कप्पे, तशीच नावं. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

"म्हणजे फसवायचं त्याला?"

"फसवायचं काय त्यात? पाहुण्याला त्याची नेहमीची उशी द्यायची, बस."

हे असं बोलायचा तो. वर बघायचा नाही, बोटं चालूच. खेळ सुरू करायला टर्मिनलच्या काळ्या चौकटीत एक हातभर लांब ओळ टाइप करावी लागे. ती तो अशी सटासट टाइप करायचा की मी ओळीकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघायचे. एका नखावर शाईचा डाग होता. तो का लक्षात राहिला माझ्या, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी खेळ उघडला. जहाजाचा भोंगा वाजला! पण समुद्र डांबरासारखा काळाकुट्ट. तिसऱ्या दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याने कुठलीशी एक ओळ बदलली, आणि अख्ख्या स्क्रीनभर निळं पाणी पसरलं. लाटा हलत होत्या. दूरवर धुकं. मी अशी ओरडले की डोळे तपासायला बसलेल्या शिंपीकाकू खुर्चीतून उठल्या.

"झालं," स्क्रू म्हणाला. दप्तर उचललं, खांद्याला लावलं. "तीन दिवस म्हटलं होतं. माझं काम संपलं, मालकीणबाई."

आणि गेला.

मी निळ्या पाण्याकडे बघत बसले. एवढं छान पाणी… आणि बघायला मी एकटी. खेळ चालू झाला होता, म्हणजे तो आता येणार नव्हता. साधं गणित. मला गणित कधीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी दुकानाचं शटर उघडायला आईबरोबर आले, ती झाडत होती तेवढ्यात टर्मिनल उघडलं, त्याने बदललेली ती ओळ शोधली आणि… परत पहिल्यासारखी केली.

मधल्या सुट्टीत ब तुकडीच्या दारात जाऊन मी चेहरा पाडून सांगितलं, "पाणी काळं झालंय रे पुन्हा."

"असं कसं होईल?"

"मला काय माहीत? मी चष्मेवाली."

तो चार वाजता आला. चार म्हणजे चार.

*

मग माझी भीडच चेपली. पाणी झालं, मग आवाज गेला. आवाज आला, मग अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले. चौकोन गेले, तर माउस उलटा! डावीकडे नेला की उजवीकडे पळायचा. स्क्रू डोकं खाजवायचा, म्हणायचा, "असं आजवर कुठेच वाचलं नाही मी," आणि मी सहानुभूतीने मान हलवायचे. चोर तो चोर…

एक सांगते, मोडणं सोपं नसतं. कसंही मोडलं की लगेच कळतं. आपोआप बिघडल्यासारखं वाटावं म्हणून मी काय काय वाचलं! फॉन्ट कुठे राहतात, आवाज कुठल्या वाटेने जातो, कुठला कप्पा हलवला की काय रुसतं. वर्गात ज्या मुलीला कॉम्प्युटरच्या तासाला प्रश्न विचारला तर घाम फुटायचा, ती मी सरांना एकदा मध्येच थांबवून म्हणाले, "सर, ते फाइलचं नाव नाही, तो तिचा पत्ता आहे." सर दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "बरोबर." सगळं त्या बिघाडांच्या जिवावर!

मग एका दुपारी त्याने मला ती बातमी दाखवली. 'सातवं बंदर' बनवणाऱ्यांनी स्पर्धा ठेवली होती. खेळाडूंनी आपापलं बंदर रचून नकाशा पाठवायचा. जो सगळ्यात चांगला, तो पुढच्या खेळात घेणार, रचणाऱ्याच्या नावासकट. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी पाच.

"घरी एकच लॅपटॉप," तो म्हणाला. "तोही ताईकडे. तिची परीक्षा." मग जरा थांबला. "इथे… केला तर चालेल? म्हणजे काकूंना, तुला…"

मला! मी विचार करते असं दाखवलं. पाच सेकंद. जास्त दाखवणं मला जमलं नाही.

त्याला हे किती हवं होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. एरवी टिवल्याबावल्या करणारा मुलगा एकेक धक्का, एकेक खडक ठेवताना श्वास रोखायचा. पुठ्ठ्यांवर लहानपणापासून बंदरं काढत होता म्हणे, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. "हसतील," म्हणाला.

"मी हसले तर?"

"तू आरशाशी बोलणाऱ्यांना हसतेस. बंदरांना नाही."

धक्के, भिंती, वळणं त्याची. दिव्यांवर मात्र त्याची गाडी अडली. धुक्यातून यायची जहाजं जवळचा दिवा बघून वळतात, लांबचा बघून दिशा धरतात. एक जरी चुकीचा पडला तर जहाज खडकावर. तो दिवे सारखे अंतर मोजून लावायचा आणि जहाजं सारखी फुटायची.

"उठ," मी म्हटलं. "तुला चष्मा आहे, पण चष्म्याचं काही कळत नाही. सगळ्यांना सारखंच कसं दिसेल?"

मी प्रत्येक दिव्याला आमचं एकेक गिऱ्हाईक दिलं. पोस्टमनकाका, उणे चार, त्यांना लांबचं अजिबात दिसत नाही, मग त्यांचा दिवा अगदी वळणाच्या नाकावर. शिंपीकाकूंना सुई दिसत नाही पण गल्लीच्या टोकाचं माणूस ओळखतात. त्यांचा दिवा लांब, उंच खडकावर. न्हावीदादा, केक करणाऱ्या ताई, गणिताच्या बाई… बाईंचा एक डोळा जवळचा नि एक लांबचा, म्हणून त्यांना दोन दिवे. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सदतीस दिवे लावले मी. पहिलं जहाज कुठेही न आपटता सरळ आत आलं तेव्हा त्याने माउसवरचा हात काढायच्या ऐवजी… म्हणजे माउसवर माझा हात होता, आणि त्याचा त्यावर. एक क्षणच. दोन असतील.

"गिऱ्हाइकांचे नंबर असे गावभर सांगायचे नसतात," आतून आई म्हणाली.

"समुद्रात सांगतोय, आई!"

हात तोवर दोन्हीकडे पळाले होते.

त्या तीन दिवसांत मी काही म्हणजे काही मोडलं नाही. गरजच नव्हती. बंदर होतं, म्हणजे तो येणारच होता. पण गुरुवारी दप्तर भरताना तो सहज म्हणाला,

"उद्या शेवटचा हात फिरवू. शनिवारी पाठवलं की सुटलो. मग तुझ्या दुकानाला माझी कटकट नाही."

परत तेच गणित. आधीपेक्षा अवघड.

*

आता मी शुक्रवारी सकाळी जे केलं ते सांगते. नीट सांगते, लपवत नाही.

गुरुवारी त्याने कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावलेला मी बघितला होता. मी धरून चालले की नकाशा त्याने घेतला, आता तो त्याच्या खिशात सुरक्षित. मग मी विचार केला, छोटे छोटे बिघाड पुरे झाले. असा एकच मोठा करायचा की शनिवारनंतरही महिनाभर त्याला यावं लागेल. पाणी नाही, आवाज नाही… अख्खं खोटं घरच पाडायचं! परत पायापासून बांधत बसू दोघं.

एक ओळ टाइप केली. एंटर दाबलं.

पेंग्विनची एक सवय आहे. काम झालं की तो काही बोलत नाही. "नक्की ना?" नाही, "झालं" नाही. नुसती पुढची रिकामी ओळ, लुकलुकत. मी शीळ घालत शाळेत गेले.

मधल्या सुट्टीत तो सायकल स्टँडपाशी भेटला. मी आपलं सहज विचारलं, "पेनड्राइव्ह नीट ठेवलायस ना? नकाशावाला?"

"कुठला नकाशावाला? त्यात ताईच्या नोट्स आहेत, प्रिंट काढायच्या होत्या." तो हसत होता. "नकाशा कशाला हलवू? आहे की बंदराच्या घरात. छान."

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस वाटायचं, मराठीच्या पेपरात वाक्यात उपयोग करायला असतं ते.

"काय गं? बरं वाटत नाहीये?"

"चारला ये," एवढंच बोलून मी पळाले.

पुढचे तास कसे गेले विचारू नका. मी थापा जुळवत बसले. वीज गेली. उंदराने वायर कुरतडली. आईने चुकून… नाही, आईला मध्ये आणायचं नाही. एकेक थाप छान जमत होती, आता मला बोलता येत होतं ना! आणि तेच मला कसंसं करायला लागलं. वर्षभर लागलं होतं तोंड उघडायला. ते काय उंदरांवर आळ घ्यायला उघडलं मी?

तो चारला आला, खुर्चीवर बसला, हात कीबोर्डकडे नेला. मी त्याच्या आणि कीबोर्डच्या मध्ये माझा हात ठेवला.

"थांब. आधी ऐक. नकाशा गेला. मी पाडलं. सगळं घर."

त्याने कीबोर्डकडे नेलेला हात मागे घेतला.

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. नकाशा तुझ्याकडे आहे असं समजून… पण पाडलं मुद्दाम. आणि आजचंच नाही. काळं पाणी मीच. चौकोन मीच. आवाज, उलटा माउस, सगळं मी." आता थांबले असते तर परत कुलूप लागलं असतं. "खेळ चालू झाला की तू येणार नाहीस, म्हणून. तू यावास असं मला वाटायचं. रोज वाटायचं. आता रागव, काय करायचं ते कर… पण उंदीर नव्हता."

"उंदीर?"

"ते जाऊ दे."

आतलं मशीन नेमकं बंद होतं. मग त्याने हळूच माझा हात बाजूला केला, टर्मिनल उघडलं आणि वर जाणाऱ्या बाणाचं बटण दाबलं. एकदाच.

चौकटीत ओळ उमटली. माझी. सकाळची. जशीच्या तशी.

पुन्हा दाबलं. त्याची ओळ. पुन्हा, पुन्हा… आणि ही माझी, माउसची. ही चौकोनांची. ही अगदी पहिली, पाण्याची. मी टाइप केलेलं सगळं तिथे ओळीने उभं होतं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखं.

"हे… हे लक्षात ठेवतं?"

"सगळं. मी तीच लांब ओळ परत परत टाइप करायचा कंटाळा करतो, हा बाण दाबतो. तू पाणी काळं केलंस ना, त्याच दिवशी दाबला होता. माझी ओळ यायच्या ऐवजी तुझी आली."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून…"

"हो."

"आणि डोकं खाजवत होतास! 'असं आजवर कुठेच वाचलं नाही' म्हणत होतास!"

"तू पण कसली मान हलवायचीस!"

"मग बोलला का नाहीस?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या… हळूहळू, खालून वर.

"बोललो असतो तर तू मोडायचं थांबवलं असतंस," तो म्हणाला.

हातातून सगळं निसटतंय आणि सगळं हातात येतंय, असं दोन्ही एकदम होतं का कधी? मला झालं.

"मंगळवारपासून काही बिघडलं नाही," तो पुढे म्हणाला, अगदी हळू. "तीन दिवस. मला वाटलं, तुला कंटाळा आला माझा."

"वेडा आहेस का? मी दिवे लावत होते!"

"मला काय माहीत? मी रोज बाण दाबून बघायचो. काहीच नाही. मग…" त्याने एक फोल्डर उघडलं, घराबाहेरचं, साधं. "तू एक दिवस अख्खं घर पाडशील हे मी धरून होतो. म्हणून नकाशाची प्रत रोज इथे ठेवायचो. सोमवारपर्यंत ठेवली. मंगळवारपासून ठेवलीच नाही… काही मोडत नव्हतं ना."

सोमवारपर्यंतचं बंदर तिथे होतं. धक्के होते, भिंती होत्या, वळणं होती. दिवा मात्र एकही नव्हता. सदतीसच्या सदतीस गेले होते.

म्हणजे गेलं ते माझंच होतं. न्याय म्हणायचा तर हाच. पण दिव्यांवाचून ते बंदर पाठवण्यात अर्थ नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं, कितीही लपवलं तरी.

"किती वाजले?" मी विचारलं.

"चार वीस."

"सरक. घर तू बांध, तोवर मी गिऱ्हाइकं आठवते."

*

त्या दिवशी आईने साडेपाचचा नियम गुंडाळून ठेवला. तिने काही विचारलं नाही. पडदा पातळ आहे आमचा. फक्त सात वाजता बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "इतके दिवस या कॉम्प्युटरला झालंय तरी काय, तेच मला कळत नव्हतं. आता कळलं." मग आम्हाला उठवून तिने दुकान बंद केलं आणि शनिवारी सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी उघडलं. याला आमच्या घरात प्रेम म्हणतात.

सत्तावीस दिवे मला तोंडपाठ आले. उरलेल्या दहांसाठी मी दारात उभी राहून रस्त्यावरून जाणारी माणसं बघितली. केक करणाऱ्या ताई समोरून गेल्या, "हां, उणे दीड, घाटाच्या पायरीपाशी!" आतून कीबोर्ड वाजला. न्हावीदादांनी हात केला, "अधिक दोन, तिसऱ्या भिंतीवर!" लोकांना वाटलं असेल, पोरीला लागलं काहीतरी. छत्तीस झाले. सदतिसावा काही केल्या आठवेना, आणि जहाज दर वेळी त्याच खडकावर फुटायचं.

"कुणाचा होता गं?" स्क्रू घड्याळ बघत होता. सव्वाचार.

मी डोळे मिटले. बुधवार. खिडकीतून ऊन येत होतं. मी तो दिवा लावताना त्याच्याकडे बघत होते, त्याला कळू न देता…

"तुझा," मी म्हटलं. "उणे साडेतीन. दोन्ही डोळे."

"माझा नंबर तुला कधी सांगितला मी?"

"काच बघितली की कळतं मला. लाव मुकाट्याने. तोंडाशीच, डावीकडे."

त्याने लावला. जहाज धुक्यातून निघालं, पोस्टमनकाकांपाशी वळलं, बाईंच्या दोन दिव्यांमधून गेलं, त्याच्या दिव्यापाशी जरा रेंगाळलं… आणि आत आलं. नकाशा चार पन्नासला गेला. रचणाऱ्याच्या रकान्यात त्याने दोन नावं लिहिली. माझं आधी.

निकाल दोन महिन्यांनी आहे. म्हणजे अजून लागायचाय.

रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी सकाळी मी आईबरोबर शटर उघडलं, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. काही मोडलं नाही. मोडायचंच नव्हतं. खेळ झकास चालू होता, पाणी निळं, नकाशा गेलेला, स्पर्धा संपलेली. आता यायला त्याच्याकडे एकही निमित्त नव्हतं. शुक्रवारी बोलला ते बोलला, पण घाईगडबडीत माणूस काहीही बोलतो… शाळेतही तो दिसला नाही, ब तुकडीची कसलीशी परीक्षा होती.

चार वाजले. कुणी नाही. चार पाच. चार दहा. मी एकच फ्रेम सहाव्यांदा पुसली.

सव्वाचारला दार ढकलून तो आला. दप्तर नाही, वही नाही, हात रिकामे. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"उशीर झाला," मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"चारलाच आलो होतो. बाहेर उभा होतो."

"का?"

"कारण शोधत होतो. आत यायला." त्याने खांदे उडवले. "सापडलं नाही."

"मग?"

"मग तसाच आलो."

पडदा हलला. आई डोकावली. "आज काय बिघडलंय?"

"काही नाही, काकू," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवून आत गेली. मशीन सुरू झालं.

आम्ही खेळ उघडला. आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की महिनाभर आम्ही तो दुरुस्त केला, मोडला, त्यात बंदर बांधलं… पण खेळलो एकदाही नव्हतो! आणि एवढं बंदर रचणारा हा मुलगा खेळायला इतका वाईट की काय सांगू. पहिलं जहाज धक्क्यावर. दुसरं माझ्या जहाजावर. तिसरं त्याने उलटं फिरवून चक्क परत धुक्यात नेलं.

"हरलास," मी म्हटलं.

"उद्या बघ," तो म्हणाला.